आधी खुराडं, मग कोंबड्या

आमच्या परड्यात कोंबड्या आहेत असं कळलं की लोक पहिल्यांदा अंड्यांचं विचारतात. रोज किती मिळतात, विकत देता का, पिवळा बलक खरंच जास्त पिवळा असतो का. रात्री त्यांना कुठे ठेवता, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. गेल्या काही महिन्यांत आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांनी ‘आम्हालाही पाच-सहा कोंबड्या पाळायच्या आहेत, काय काय लागतं?’ म्हणून विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं, म्हणून हा लेख.

आमचं घर बेळगावच्या कडेला, जिथे शहर संपतं आणि भाताची खाचरं सुरू होतात तिथे. मागे जेमतेम गुंठाभर परडं. घरात नवरा, सासरे, आमची आठ वर्षांची लेक आणि सासऱ्यांची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची आज्जी. आज्जीचं माहेर चंदगडकडचं. तिच्या लहानपणी दारात वीस-पंचवीस कोंबड्या असायच्या. कोंबड्यांचा हट्ट लेकीचा होता, पण अट आज्जीने घातली : ‘आधी खुराडं बांधा, मग कोंबड्या आणा. पाव्हणे आल्यावर घर बांधायला घेत नाहीत.’

राखण कुणापासून?

खुराडं बांधण्याआधी आपल्या परिसरात कोण कोण फिरतं, हे माहीत करून घ्यायला हवं. आम्ही आठवडाभर सकाळी परड्यातल्या मातीवरचे माग पाहिले, शेजाऱ्यांना विचारलं आणि दोन याद्या केल्या. दिवसाचे पाहुणे : मुंगूस, घार, मोकाट कुत्री. रात्रीचे : उदमांजर, बोका, घूस. साप दोन्ही यादीत. मुंगूस दिवसा हिंडतं आणि उदमांजर रात्री, एवढं जरी लक्षात घेतलं तरी कोणत्या वेळी कशाचा बंदोबस्त करायचा ते ठरवता येतं.

यात उदमांजराला लोक विसरतात. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर ते बिनबोभाट राहतं. ते चढतं, अरुंद फटीतून शिरतं, सैल कौल सरकवतं. आमच्या मागच्या गल्लीत एका घरी एका रात्रीत पाचही कोंबड्या गेल्या. दाराला कुलूप जसंच्या तसं होतं आणि वरची दोन कौलं बाजूला झालेली होती. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. दांडीवर बसली की ती पहाटेपर्यंत तिथून हलत नाही. शत्रू आत शिरला तर तिला पळताही येत नाही. म्हणून खुराड्याचं खरं काम रात्रीचं असतं.

या प्राण्यांना मारण्याचा किंवा विष घालण्याचा विचारही करू नये. मुंगूस, उदमांजर, साप यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय घुशी आणि उंदीर आटोक्यात ठेवतात तेही हेच. त्यांचं पोट त्यांच्यापाशी, आपल्या कोंबड्या आपल्यापाशी. मधे फक्त चांगली जाळी हवी.

खुराडं कसं बांधलं

आमचं खुराडं चार फूट लांब, तीन फूट रुंद. सहा कोंबड्यांना रात्री झोपायला एवढं पुरतं, कारण दिवसभर त्या बाहेर जाळीच्या अंगणात असतात. दिवसाही आतच ठेवणार असाल तर जागा दुपटीहून जास्त लागेल. दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात.

पाया : चार लाकडी पायांवर जमिनीपासून दोन फूट उंच. मृगापासून गणपतीपर्यंत आपल्याकडे जी ओल असते तिच्यात जमिनीवरचं खुराडं कोरडं राहणं शक्यच नाही. उंचीमुळे घुशीला खालून पोखरता येत नाही आणि खालच्या सावलीत कोंबड्या दुपारी बसतात.

छप्पर : आमच्याकडे पाडलेल्या जुन्या खोलीची मंगळुरी कौलं होती, तीच घातली. पत्रा उन्हात तापतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग निववते, म्हणून एप्रिल-मेमध्ये छप्पर थंड राहणं महत्त्वाचं. मात्र कौलांच्या खाली पूर्ण जाळी ठोकली. मागच्या गल्लीतल्या त्या घरात हीच जाळी नव्हती.

जाळी : दुकानात ‘कोंबडीजाळी’ म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, शत्रू बाहेर ठेवायला नाही. कुत्रं ती दाताने फाडतं, तिच्या भोकातून लहान साप सहज जातो. आम्ही अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डिंग केलेली जाळी घेतली. ती महाग पडते, म्हणून बाकी सगळ्यात काटकसर केली. लाकूड जुनं, दार जुन्या कपाटाचं.

हवा : वरच्या बाजूला, छपराच्या वळचणीखाली दोन्हीकडे वीतभर उंचीची जाळीची पट्टी ठेवली. विष्ठेतून सुटणारा उग्र वास, म्हणजे अमोनिया, वरून निघून जायला हवा. सकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांच्या फुप्फुसांचं काय होत असेल ते ओळखा. वारं मात्र दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर थेट येऊ नये.

दांडी आणि खोपे : कोंबडीचे पूर्वज रानात झाडावर झोपत. आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा आजही तेच करतो. म्हणून झोपायला दांडी लागते. दोन इंच रुंदीची, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी, प्रत्येकीला आठ-दहा इंच. अंडी घालायचे खोपे दांडीपेक्षा खालच्या पातळीवर हवेत. कोंबड्या सगळ्यात उंच जागा शोधून झोपतात. खोपा उंच झाला तर त्या त्यातच झोपतील आणि अंडी घाण होतील. फूटभर लांब-रुंद, थोडा काळोखा, आत पेंढा घातलेला एक खोपा चार-पाच कोंबड्यांना पुरतो. आम्ही दोन ठेवले, तरी सगळ्याजणी एकाच खोप्यासाठी रांग लावतात.

दार : एक कडी पुरत नाही. बोका पंजाने आणि कुत्रं नाकाने ढकलून साधी कडी सरकवू शकतं. आम्ही वर-खाली दोन कड्या लावल्या आणि वरच्या कडीत आकडा अडकवतो.

खुराड्याला लागून दहा फूट बाय सहा फुटांचं जाळीचं अंगण आहे, वरूनही जाळी घातलेलं, म्हणजे घारीची चिंता नाही. त्याच्या चारी बाजूंना दीड फूट जाळी जमिनीवर बाहेरच्या दिशेने आडवी पसरली आणि वर माती टाकली. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो. तिथे नखांना जाळी लागली की सोडून देतो. मागे सरकून दीड फुटावरून भुयार काढायचं त्याला सुचत नाही. गेल्या श्रावणात एका सकाळी कोपऱ्यात चार बोटं खोल उकरलेलं दिसलं. खाली जाळीवर ओरखडे होते. आतल्या सहाही जणी दार उघडायची वाट पाहत होत्या.

ओल, रोग आणि खाणं

दात-नखांच्या शत्रूंइतकाच मोठा शत्रू म्हणजे ओल. तळाला तीन-चार बोटं जाडीचं भाताचं तूस घालतो. आपल्याकडच्या गिरणीत ते सहज मिळतं. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी ते खालीवर करायचं आणि भिजलेलं लगेच काढून टाकायचं. ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते. काढलेलं तूस खताच्या खड्ड्यात जातं आणि परड्यातली वांगी त्यावर पोसतात. एका पाटीत राख आणि कोरडी माती ठेवली की कोंबड्या त्यात लोळतात. ती त्यांची अंघोळ, आणि पिसवा-गोचिडांवरचा उपायही.

मानमोडी हा शब्द आज्जीच्या तोंडून ऐकाल तर तिच्या पिढीची भीती कळेल. याच रोगाला डॉक्टर राणीखेत म्हणतात, कारण भारतात 1927 साली तो कुमाऊंमधल्या राणीखेतला नोंदला गेला. तो आला की आळीच्या आळी रिकामी होते. औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात-नाकात थेंब, आणि दोन महिन्यांनंतर टोचायची दुसरी लस. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि एकदा कालवली की ती दोन-एक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? आम्ही आळीतली सहा घरं एक दिवस ठरवतो. आमच्या पलीकडचे कन्नड बोलणारे अज्जा बर्फाच्या डब्यातून लस आणतात, जनावरांचे डॉक्टर येतात आणि तासाभरात सगळ्यांच्या कोंबड्या होतात. एकट्याने कोंबड्या पाळण्यापेक्षा चार घरांनी मिळून पाळणं किती सोपं, ते त्या दिवशी कळतं.

बर्ड फ्लूबद्दलही बोललं पाहिजे. देशातला पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. घाबरून जायचं कारण नाही, पण कावळे-कबुतरं खाद्याच्या भांड्याशी येऊ देऊ नयेत, खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात, हात साबणाने धुवावेत. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर उघड्या हाताने उचलू नयेत, नाल्यात टाकू नयेत, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

खाणं सोपं आहे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागतं. आम्ही तयार भरडा देतो आणि वर थोडी तांदळाची कणी, पालेभाजीचे देठ, शिंपल्यांचा चुरा. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. अंडीही त्याच कारणासाठी रोज संध्याकाळच्या आत उचलतो.

कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी घालतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. शेजारी रात्रपाळी करणारं कुणी असेल तर पहाटे चारची बांग त्यांना विचारून मगच घरात आणावी. आणि पहिल्यांदाच पाळत असाल तर एक दिवसाची पिल्लं आणू नका. त्यांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते. लस झालेल्या तीन महिन्यांच्या तलंगा घ्या. आमच्यात चार गावठी होत्या आणि दोन गिरिराज, जी जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या कोंबडीपालनासाठीच तयार केली.

कबरी

इतकं सगळं असूनही आमची एक कोंबडी गेली. आम्ही रोज संध्याकाळी तासभर त्यांना जाळीबाहेर परड्यात सोडतो आणि घरातलं कुणीतरी तिथे बसतं. कार्तिकातल्या त्या दिवशी सासरे काठी घेऊन खुर्चीवर होते. मोकाट कुत्रं कंपाउंडवरून उडी मारून आलं, सासरे उठून धावले, तरी तेवढ्यात त्याने कबरीला धरलं होतं. त्यांनी तिला सोडवलं, पण ती वाचली नाही.

लेक तीन दिवस परड्यात गेली नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, ‘त्यांना कायमचं आतच ठेवलं तर?’ प्रश्न रास्त होता. आम्ही रात्री जेवताना त्यावर बोललो. जाळीतच ठेवलं तर कुत्र्याचा धोका नाही. पण उकरणं, किडे वेचणं, उन्हात पंख पसरून पडणं, पेरूच्या झाडाखाली पाला उडवणं, हे सगळं त्या बाहेरच करतात. आज्जी म्हणाली, ‘रात्र आपली जबाबदारी, दिवस त्यांचा.’ सासरे त्या दिवसापासून मनाला लावून घेऊन बसले होते. त्यांनी कंपाउंडवर दोन फूट जाळी वाढवली. बाहेर सोडायचा तासही तसाच राहिला. निर्णय लेकीचा होता. तिने पाचव्या दिवशी स्वतःच दार उघडलं.

राखण म्हणजे धोका शून्य करणं नव्हे, हे तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनाच समजलं. जिथे त्या अगदी असहाय असतात ती वेळ, म्हणजे रात्र, पक्की बंद करायची. बाकीच्या वेळी शक्य तेवढं लक्ष ठेवायचं आणि त्यांना कोंबडीसारखं जगू द्यायचं.

रोजचं गणित

सुरू करायचं ठरवलंत तर घरातल्या मंडळींशी एवढं आधी बोलून घ्या. सकाळी दहा मिनिटं : दार, पाणी, खाद्य. दुपारी अंडी. संध्याकाळी तासभर सोबत. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत जातात, त्यांना हाकलावं लागत नाही. मग मोजायचं, कड्या लावायच्या. गावाला जायचं असेल तर हे कोण करणार ते ठरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. आमच्याकडे अज्जा करतात आणि त्यांच्याकडे आम्ही.

मोजण्याचं काम आता लेकीकडे आहे. ती टॉर्च घेऊन जाते, आत वाकून पाहते आणि स्वयंपाकघराच्या दारातून ओरडते, ‘पाच!’ मग आज्जी आतून विचारते, ‘दोन्ही कड्या लावल्यास काय गं?’ तिचं ‘हो’ आल्याशिवाय आमच्याकडे ताटं वाढली जात नाहीत.