व्हार्निशआधी होडीची तयारी

सुट्टीत मुलांसोबत लाकडी होडी बनवलीत? मग आता व्हार्निशची घाई करू नका. लाकडात राहिलेली ओल आणि धूळ सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

इपॉक्सी लावली असेल, तर ती पूर्ण सुकल्यावर वर येणारा मेणचट थर आधी पाण्याने घासून धुवा, नाहीतर व्हार्निश नीट धरत नाही. होडी कोरडी झाली की मास्क लावून आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. नंतर टॉर्च तिरका धरून राहिलेले ओरखडे शोधा. हे काम मुलांना द्या, ती आनंदाने करतील. शेवटी थिनरने ओलसर केलेल्या कापडाने धूळ तुम्हीच पुसा.

उन्हाने इपॉक्सी खराब होते, म्हणून यूव्ही संरक्षण असलेलं मरीन व्हार्निशच घ्या आणि कोरडा दिवस निवडा.