लोकसभेतले घरचे आहेर

विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, यात नवल ते काय? लोकसभेच्या इतिहासात खरी मजा आणलीय ती घरच्या आहेरांनी!

डिसेंबर 1957. फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. एलआयसी तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. पॉलिसीधारकांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले, असा रोखठोक सवाल त्यांनी आपल्याच सरकारला केला. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे आली. सुनावणी मुंबईत आणि सगळ्यांसमोर! गर्दी इतकी, की बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून चक्क लाउडस्पीकर लावले. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

त्यांच्या आधीच्या अर्थमंत्र्यांनीही राजीनामाच दिला होता, पण तो कुठल्या घोटाळ्यापायी नव्हे. ते म्हणजे आपले सी. डी. देशमुख. रायगडाजवळच्या नाते गावचा जन्म, कुलाब्याचे खासदार. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांच्याच हातून झालेलं. मुंबई केंद्रशासित करायचा घाट घातला गेला, तेव्हा या शांत, संस्कृतप्रेमी माणसानं जुलै 1956 मध्ये भर लोकसभेत नेहरूंना सुनावलं: एवढा मोठा निर्णय, आणि मंत्रिमंडळाला विचारलंही नाही! संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारा हा माणूस आठवला की आजही ऊर भरून येतो.

लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव ऑगस्ट 1963 चा. नेहरूंविरुद्ध तो आणला आचार्य कृपलानींनी. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी काँग्रेसचे अध्यक्ष हेच होते! ठराव 62 विरुद्ध 347 असा आपटला.

17 एप्रिल 1999 ला मात्र श्वास रोखले गेले. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. हिरवं बटण 'होय', तांबडं 'नाही'. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले काँग्रेसचे गिरिधर गमांग यांनी खासदारकी सोडली नव्हती; तेही मत द्यायला दिल्लीत हजर. नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूनं होती, पण तिच्याच सैफुद्दीन सोझ यांनी व्हिप झुगारून विरोधात मत दिलं. फलकावर आकडे उमटले: बाजूनं 269, विरोधात 270.

सोझ यांची पक्षातून हकालपट्टी झाली. सरकार मात्र पडलं ते पडलंच.