जहाज बंदराला लागते तेव्हा

आमच्या दापोलीकडे एखाद्याचा मुलगा ‘बोटीवर आहे’ म्हटले की पुढे कोणी फारसे विचारत नाही. पगार चांगला असणार, हे गृहीतच. मीही बोटीवर होतो. तिसऱ्याच खेपेला, १९८८ साली, मालकाने पगार थांबवला आणि आम्ही अडीच महिने परक्या बंदराबाहेर नांगर टाकून बसलो. तांदूळ संपत आला तेव्हा प्रश्न पडला, तक्रार करायची कोणाकडे?

मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, भरती मुंबईच्या एजंटाने केलेली, खलाशी भारतीय आणि फिलिपिनो. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्याचा कायदा जहाजावर चालतो. म्हणून तर कितीतरी मालक पनामा, लायबेरियासारख्या देशांत नोंदणी करतात. कर कमी, विचारपूसही कमी!

या अडचणीवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००६ मध्ये सागरी कामगार करार संमत केला. तो २०१३ मध्ये अमलात आला; भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातली खरी मेख बंदरात आहे. करार मानणाऱ्या देशाच्या बंदरात जहाज लागले, की तिथला अधिकारी वर चढून पगार, जेवण, विश्रांतीचे तास तपासू शकतो. झेंड्याच्या देशाने करार मानला नसला, तरी सूट नाही. दोष गंभीर असेल तर जहाज अडवता येते. आणि अडकलेल्या जहाजाचा रोजचा खर्च मालकाला बरोबर समजतो.

दोन महिने पगार मिळाला नाही, तर खलाशाला वाऱ्यावर सोडले असे हा करार धरतो. २०१७ पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च भागेल, अशी विम्यासारखी हमी मालकाने आधीच द्यावी लागते. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याप्रमाणे जहाज आपल्या हद्दीत असेल तर मुंबई उच्च न्यायालय ते अडकवून ठेवू शकते. जहाज विकले गेले, तर खलाशाच्या पगाराचा हक्क बँकेच्या तारणाच्याही आधी येतो.

तरीही खलाशी आजही अडकतात. पुष्कळदा चूक गाव सोडण्यापूर्वीच झालेली असते. नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटाने खलाशाकडून घेणे बेकायदा आहे, हे ठाऊक नसल्याने घरचे दागिने मोडतात. एजंटाकडे सरकारी भरती परवाना आहे का, ते आधी पाहा. नोकरीच्या कराराची एक प्रत आईवडिलांकडे ठेवा. आमच्या वेळी माझी प्रत एजंटाच्या कपाटात होती.