साखळी-नोंदवही आणि लेखापरीक्षकाचे काम

व्यापाराचा पाया हिशेबाच्या वहीवरील विश्वास हा होय. कीर्द व खतावणी परंपरेने एकाच पेढीच्या ताब्यात असतात. म्हणून त्यांतील नोंदी बिनचूक आहेत किंवा कसे, हे पाहण्यासाठी त्रयस्थ लेखापरीक्षक नेमला जातो. २००९ साली बिटकॉइन या आभासी चलनाबरोबर व्यवहारात आलेल्या 'ब्लॉकचेन' तंत्राने या मांडणीस नवे वळण दिले. यात एकाच वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात आणि नोंदींचे प्रत्येक पान आधीच्या पानाच्या सांकेतिक खुणेशी जोडलेले असते. जुन्या पानावर कोणी खाडाखोड केल्यास खुणा जुळत नाहीत व लबाडी उघडकीस येते.

या तंत्राचे बळ आणि मर्यादा सुरत शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. जगातील बहुतांश हिऱ्यांना येथे पैलू पाडले जातात. हिरा अनेक हातांतून जातो आणि पुष्कळसा माल जांगडावर, म्हणजे पसंतीच्या बोलीवर, दिला-घेतला जातो. डी बिअर्स कंपनीने २०१८ साली 'ट्रेसर' ही साखळी-नोंदवही प्रयोगादाखल सुरू केली. २०२२ पासून ती मोठ्या प्रमाणावर वापरात आली. खाणीपासूनचा हिऱ्याचा प्रवास तीत नोंदला जातो. अशा वहीमुळे ताळमेळाचे काम हलके होते. मात्र मुळातच किंमत चुकीची लिहिली, तर ती चूकही तितक्याच पक्केपणाने जतन होते. साठा मोजणे, मूल्य पडताळणे व खुलासा मागणे ही कामे माणसाकडेच राहतात.

'बिटकनेक्ट' या आभासी चलनाच्या योजनेने मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून पैसा गोळा केला. जानेवारी २०१८ मध्ये तिचा कारभार कोसळला. सुरतेत नोंदविलेल्या गुन्ह्यांच्या आधारे अंमलबजावणी संचालनालयाने २०२५ साली सुमारे १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. परतावा कोणत्या उत्पन्नातून येणार, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही साखळीत नव्हते.

१ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांच्या संगणकीय हिशेबात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे. लेखापरीक्षकास आपल्या अहवालात तिच्याविषयी अभिप्राय द्यावा लागतो. ही व्यवस्था ब्लॉकचेन नव्हे. परंतु हेतू तोच आहे.

सहकारी संस्था असो वा बचत गट, सभासदांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. नोंद पुसता येत नाही, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही. ती कोणी व कोणत्या पावतीच्या आधारे केली, हे विचारण्याचा सभासदांचा हक्क व लेखापरीक्षकाचे कर्तव्य नव्या तंत्रानेही संपत नाही.