नायट्रो सोडून बॅटरीकडे वळताना

रिमोटवर धावणारी नायट्रो गाडी पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "पेट्रोल किती खाते?" थेंबभरही नाही. पेट्रोल ओतलं तर ती चालायचीच नाही. नायट्रो इंधनात मुख्य घटक मिथेनॉल, त्यात साधारण 10 ते 30 टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी वंगण. हे वंगण पुष्कळदा चक्क एरंडेल असतं, कधी कृत्रिम तेल, कधी दोन्ही मिसळून. या इंजिनाला ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग नसतो. त्याऐवजी ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमची बारीक तार मिथेनॉलच्या संपर्काने तापलेली राहते आणि दर फेरीला इंधन पेटवते. पेट्रोलला ही युक्ती लागू पडत नाही.

हा गैरसमज आधी घेतला याला कारण आहे. भिलाईजवळच्या आपल्या रिसालीतल्या माणसाने नायट्रो ठेवावी की सोडावी, याचा निकाल माझ्या मते वेगावर लागत नाही, इंधनावर लागतो. पंपावर न मिळणारं हे इंधन मोठ्या शहरातल्या हॉबीच्या दुकानातून मागवावं लागतं, आणि पेट घेणारा द्रव म्हटला की कुरिअरवाले हात आखडतात. मग कुणीतरी तोडगा सुचवतं : नागपूरहून येताना डबा बॅगेत टाकायचा, दुर्गला उतरलं की झालं. हे अजिबात करू नका. रेल्वेच्या डब्यात ज्वलनशील पदार्थ नेणं हा रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून हसू येईल, कैदेची वाचून येणार नाही.

शिवाय मिथेनॉल हे विष आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ते मिथेनॉलमुळेच. शुद्ध मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, हा आणखी एक ताप. नायट्रोमिथेनची अडचण वेगळी : त्याचा स्फोटकांत वापर होऊ शकतो. म्हणून युरोपीय संघाने फेब्रुवारी 2021 पासून सामान्य ग्राहकासाठी त्याची मर्यादा 16 टक्क्यांवर आणली. तेव्हा ही चणचण फक्त आपल्या गावाची नाही.

आता वेग. 'खरा वेग नायट्रोचाच, बॅटरीची गाडी म्हणजे पोरांचं खेळणं' हे वाक्य अजून ऐकू येतं. ते वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं, कारण तेव्हा ब्रशची मोटर आणि जड निकेलच्या बॅटऱ्या होत्या. ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी आली आणि चित्र पालटलं. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज इथे निक केस यांच्या 'आर/सी बुलेट'ने ताशी 325.12 किलोमीटर वेग नोंदवला. ती गाडी बॅटरीवरचीच होती. रोजच्या मैदानातही फरक जाणवतो. नायट्रोचं इंजिन आधी वेग घेतं, मग क्लच धरतो. मोटर ट्रिगर दाबताक्षणी पूर्ण जोर लावते. नवशिक्याची गाडी पहिल्याच दिवशी भिंतीवर जाते, ती यामुळेच.

म्हणून 'नायट्रो संपली' असं म्हणणंही घाईचं. 1:8 मापाच्या ऑफ-रोड गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत अजून नायट्रोच धावते. अंतिम शर्यत एक तासाची असते, आणि काही सेकंदांत टाकी भरून गाडी परत मैदानात उतरते. बॅटरीला हे इतकं सहज जमत नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र वेगळाच आहे : 'इलेक्ट्रिकला देखभाल नाही.' इंजिनाच्या कटकटी जातात, हे खरं. हवा बदलली की कार्ब्युरेटरच्या सुया फिरवणं नको, ग्लो प्लग बदलणं नको, गंज लागू नये म्हणून खेळ संपल्यावर इंजिनात तेल सोडणं नको. पण ती सगळी काळजी उचलून बॅटरीला द्यावी लागते. लायपोचा एक सेल भरलेला असताना 4.2 व्होल्टचा, आणि 3 व्होल्टखाली गेला की बिघडतो. त्यामुळे ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या खोक्यात, कमी व्होल्टेजला गाडी थांबवायची सोय चालू आहे ना, हे आधी बघा. आठवडाभर गाडी काढणार नसाल, तर बॅटरी पूर्ण भरूनही ठेवू नका, रिकामीही नको. दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. चार्जर बॅलन्सचाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, हवा. फुगलेली बॅटरी दाबून, टोचून बघायची नाही आणि पुन्हा चार्जिंगला लावायची तर मुळीच नाही.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात भिलाईचा पारा 44 च्या पुढे जातो, आणि बहुतेक लायपो 45 अंशांवर चार्ज करू नयेत असं कंपन्याच सांगतात. दुपारी खेळून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. आधी सावलीत पूर्ण निवू द्या. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. पलंगावर किंवा पडद्याजवळ नको, आणि रात्रभर लावून झोपणं तर नकोच. 'मोटर तापत नाही' हेही खोटं. पिनियनला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला, दात जास्त घेतले की वेग वाढतो, पण मोटर भाजून निघते. पाच मिनिटं पळवून हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर दात कमी करा. मुरमाच्या मैदानावरची लाल धूळ तर दोघांचीही वैरी. नायट्रोत ती एअर फिल्टर चोंदवते, इलेक्ट्रिकमध्ये मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि ईएससीच्या पंख्यात जाऊन बसते. ब्रश हातात घ्यावाच लागतो.

जुन्या नायट्रोचं काय? 'इंजिन काढलं, मोटर बसवली, झालं' इतकं ते सोपं नाही, आणि अशक्यही नाही. 1:8 बग्गीचं 3.5 सीसीचं इंजिन मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेऱ्यांपर्यंत जातं. मोटर 2000 केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला 2000 फेऱ्यांची, घेतली आणि चार सेलची 14.8 व्होल्टची बॅटरी लावली, तर 29,600 फेऱ्या मिळतात. मूळ गिअरशी हे जुळतं. डिफरन्शियल, शॉक, चाकं, स्टीअरिंगचा सर्वो आणि रिमोट राहतात; टाकी, क्लच, डिस्क ब्रेक आणि थ्रॉटलचा सर्वो जातात, कारण ब्रेकही आता ईएससी लावतो. मोटरचा माउंट आणि बॅटरीचा ट्रे तुमच्याच मॉडेलचा मिळतोय का, ते आधी शोधा. मिळत नसेल तर तयार इलेक्ट्रिक गाडी घेतलेली स्वस्त पडते.

प्रदूषणाचा दावाही तपासून घ्यावा. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोरब्याकडच्या कोळशाची, तेव्हा 'शून्य धूर' म्हणणं भाबडेपणाचं. पण हिशेब मांडून बघा. चार सेलची 5000 एमएएचची बॅटरी 74 वॉट-तासांची. गळती धरून 90 वॉट-तास, म्हणजे एका युनिटात अकरा वेळा चार्जिंग. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, तर एका चार्जिंगमागे नव्वद ग्रॅम, आणि खेळ पंधरा-वीस मिनिटं. नायट्रोची 125 मिलीची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते आणि शंभर ग्रॅमच्या वर जाते. शिवाय तेलकट धूर आणि क्वार्टरच्या रांगेत शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या आणणारा आवाज वेगळाच.

बदल केलात, तर उरलेलं इंधन मोरीत ओतू नका आणि सरबताच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका. मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि नायट्रो चालवणाऱ्या एखाद्याला देऊन टाका.