मुंबई–कोलकाता : अंतर, उड्डाण आणि सूर्यास्त

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सहकुटुंब सम्मेदशिखरजीच्या यात्रेस निघालो. मुंबईहून विमानाने कोलकाता, तेथे नातलगांकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने पारसनाथ, असा बेत होता. तिकिटे मी काढली. दुपारी दोनचे उड्डाण, पावणेपाचला आगमन. ‘‘सूर्यास्त सहाचा आहे. विमानात डबा उघडू नकोस, घरी गरम जेवण तयार असेल,’’ असे मी आईला निःशंकपणे सांगितले. सारी नोकरी बँकेत आकडे तपासण्यात गेलेली. माझाच हिशेब चुकेल, हे मनातही आले नाही.

विमान अगदी वेळेवर उतरले. परंतु तेव्हाच सूर्य क्षितिजाला टेकला होता आणि सामान हाती येईपर्यंत बाहेर अंधारून आले. ८४ वर्षांच्या आईने दशम्यांचा डबा तसाच पिशवीत ठेवला. पाण्याचा थेंबही न घेता ती म्हणाली, ‘‘असू दे, सकाळी नवकारशीला घेईन.’’ तिने दोष दिला नाही; म्हणूनच तो अधिक लागला.

घरी परतल्यावर हिशेब पुन्हा मांडला. मुंबई ते कोलकाता हवाई अंतर सुमारे १,६५० किलोमीटर, तर नागपूरमार्गे लोहमार्गाने ते १,९६८ किलोमीटर. गीतांजली एक्सप्रेसला ३० तासांहून अधिक लागतात. विमानाला अडीच ते पावणेतीन तास. येथवर माझे आकडे बरोबर होते. चूक होती ती रेखांशांची. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे, कोलकाता साडेअठ्ठ्याऐंशीवर. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. साडेपंधरा अंशांची ६२ मिनिटे होतात. शिवाय कोलकाता अधिक उत्तरेस असल्याने हिवाळ्यात तेथील दिवस लहान असतो. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यास मुंबईत सूर्य सहानंतर मावळतो, तर कोलकात्यात पाचच्या आधीच.

पूर्वीच्या व्यापाऱ्यांना हा फरक घड्याळातच दिसे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी कोलकात्याने १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत आपापली स्थानिक वेळ जपली होती. प्रमाणवेळेहून मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे मागे, तर कोलकात्याचे सुमारे २४ मिनिटे पुढे असे. आज दोन्ही शहरांची घड्याळे जुळतात. सूर्य मात्र जुन्याच वेळा पाळतो.

परतीचा अनुभव उलट आला. पश्चिमेकडे येताना वारा बहुधा समोरून असतो, म्हणून उड्डाणास पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात. तरीही दोनला निघून पाचच्या सुमारास मुंबईत उतरलो, तेव्हा सूर्यास्ताला तासभर अवकाश होता. आई घरी पोहोचून शांतपणे जेवली.

यात्रेला वा व्यापारासाठी पूर्वेकडे जाणाऱ्या कुटुंबांना माझी एवढीच विनंती : घरात चौविहार पाळणारे ज्येष्ठ असतील तर तिकीट काढताना पंचांग आपल्या गावचे न पाहता, जेथे उतरायचे त्या गावचे पाहावे. त्या सूर्यास्तातून सामान व रस्ता यांचे दोन तास वजा करावेत आणि त्याआधी उतरणारे विमान निवडावे. हिवाळ्यात कोलकात्यास जायचे तर सकाळचेच उड्डाण बरे. यंदाची तिकिटे मी सकाळी आठची काढली आहेत.