बेस क्लास बदलताना नेमकं काय मोडतं?

‘नुसता रिटर्न टाइप तर लिहायचाय, त्यात मोडणार काय?’ टेस्टिंग लायब्ररीचा बेस क्लास आधुनिक करताना हा गैरसमज सर्वांत महागात पडतो.

पीएचपीयुनिटचंच बघा. 2019 साली आलेल्या 8व्या आवृत्तीत ‘टेस्टकेस’ या बेस क्लासमधल्या ‘सेटअप’ आणि ‘टिअरडाउन’ या मेथडना ‘व्हॉइड’ हा रिटर्न टाइप लागला. मुळात दोन्ही मेथड रिकाम्या, पण ओव्हरराइड करण्यासाठीच ठेवलेल्या. पीएचपीचा नियम असा की पेरेंटने रिटर्न टाइप दिला की ओव्हरराइड करणाऱ्या चाइल्डनेही तो द्यायलाच हवा. नाही दिला तर क्लास लोड होतानाच फेटल एरर येते. टेस्ट फेल होणं दूरच, ती सुरूच होत नाही.

म्हणजे असा बदल करूच नये? तेही खरं नाही. हा नियम एकतर्फी आहे: पेरेंटला टाइप नसला तरी चाइल्ड तो लावू शकतो. पीएचपीयुनिट 7 ला किमान पीएचपी 7.1 लागत होतं आणि ‘व्हॉइड’ त्याच 7.1 मध्ये आलं. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर असतानाच आपल्या सगळ्या चाइल्ड क्लासना ‘व्हॉइड’ लावायचं, टेस्ट चालवून बघायच्या आणि मगच अपग्रेड करायचं, हे शक्य होतं. आधी चाइल्ड, मग पेरेंट, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. क्लासचं नाव बदलून नेमस्पेसमध्ये नेतानाही अशीच सोय होती: 6व्या आवृत्तीत जुनं नाव गेलं, पण नवं नाव 5.7 मध्येही चालत होतं.

‘प्रोटेक्टेड मेथड म्हणजे आपलं घरचं काम’ असंही अनेक जण धरून चालतात. वारसा घेण्यासाठीच असलेल्या क्लासमध्ये प्रोटेक्टेड मेथड पब्लिकइतक्याच बांधील असतात. नवी मेथड टाकणंही निर्धोक नाही. कुणाच्या चाइल्ड क्लासमध्ये त्याच नावाची प्रायव्हेट मेथड आधीच असेल, आणि आपण ती पेरेंटमध्ये प्रोटेक्टेड म्हणून आणली, की तिथेही फेटल एरर.

राहता राहिला ‘इनहेरिटन्स कालबाह्य, बेस क्लास काढूनच टाका’ हा आग्रह. जावाच्या जेयुनिट 4 ने 2006 मध्ये ॲनोटेशन आणली आणि ‘टेस्टकेस’ एक्स्टेंड करण्याची सक्ती संपवली. जुना क्लास मात्र काढला नाही. 2017 मध्ये आलेल्या जेयुनिट 5 नेही जुन्या टेस्ट चालवण्यासाठी ‘व्हिंटेज’ नावाचं वेगळं इंजिन दिलं.